शिवेवरची माणसे आणि कागदावरची शीव : सांता फे मोहिमेचा हिशेब

सध्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर नकाशे फार फिरतात. कुठे अखंड अमुक, कुठे बृहद् तमुक. नकाशात कुठलातरी रंग भरलेला असतो, वर झेंडा असतो आणि खाली 'हे आमचे होते, आमचेच राहणार' असे लिहिलेले असते. त्या रंगाखाली कोणती माणसे राहतात, त्यांच्या नावावर जमीन आहे का, त्यांना कोणी विचारले का, याबद्दल एक ओळही नसते. आणि दुःखाची गोष्ट अशी की आपल्याही वस्तीतली काही मुले, ज्यांच्या बापाच्या नावावर एक गुंठा जमीन नाही, ती तो नकाशा अभिमानाने पुढे पाठवतात.

त्या मुलांवर आम्ही रागावणार नाही. त्यांना आम्ही एका फसलेल्या मोहिमेची हकीकत सांगणार आहोत. ही मोहीम १८४१ साली टेक्सासमधून निघाली होती आणि तिला सांता फे नावाचे शहर आपल्या राज्यात सामील करून घ्यायचे होते.

आता कोणी म्हणेल, टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्याशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? संबंध आहे आणि तो जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे त्यांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची बारकाईने तुलना केली, आणि १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. अमेरिकेचा इतिहास खालच्या बाजूने वाचण्याची रीत आपल्याला आपल्याच माणसांनी घालून दिलेली आहे. ती आपण सोडायची नाही.

एका ठरावाने वाढलेला देश

टेक्सास हा मूळचा मेक्सिकोचा भाग. १८२० नंतर तिथे अमेरिकेतून गोरे वसाहतवाले आले. ते कापूस पिकवायला आले आणि त्यांच्यातले अनेकजण सोबत गुलाम घेऊन आले. १८३६ साली या लोकांनी मेक्सिकोविरुद्ध बंड करून स्वतंत्र टेक्सास प्रजासत्ताक स्थापन केले. २ मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि २१ एप्रिलला सान हासिंतोची लढाई त्यांनी जिंकली.

त्याच वर्षी १९ डिसेंबरला टेक्सासच्या संसदेने आपली सीमा ठरवणारा कायदा केला. रिओ ग्रान्दे नदी मुखापासून उगमापर्यंत आमची हद्द, असे त्यात लिहिले. ही नदी आजच्या न्यू मेक्सिको राज्याच्या मधून वाहते आणि तिचा उगम कोलोरॅडोच्या डोंगरात आहे. म्हणजे एका कायद्याने नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख टेक्सासचा झाला. त्यात सांता फे शहर आले, जे १६१० च्या सुमारास स्पॅनिशांनी वसवले होते. त्यात पुएब्लो आदिवासींची गावे आली, जी स्पॅनिशांच्या कितीतरी आधीची होती आणि ज्यांनी १६८० साली उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षे तिथून हाकलून दिले होते. कोमांची आणि कायोवा या लढवय्या जमातींची विशाल गवताळ मैदानेही त्यात आली.

या प्रदेशात टेक्सासचा एक तलाठी नव्हता, एक शिपाई नव्हता. तिथल्या एकाही माणसाने टेक्सासच्या निवडणुकीत मत दिलेले नव्हते. पण कागदावर तो मुलूख टेक्सासचा होता. आपल्याकडे सातबाऱ्यावर रातोरात नाव कसे चढते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही.

कोणाचे स्वातंत्र्य?

टेक्सासचे राज्यकर्ते बोलताना सतत स्वातंत्र्याची भाषा वापरत. मेक्सिकोची हुकूमशाही विरुद्ध टेक्सासचे स्वातंत्र्य, अशी ती मांडणी होती. मेक्सिकोतही त्या काळात केंद्रीकरण आणि लष्करशाही होती हे खरे, आणि बंडाची कारणे एकाहून अधिक होती हेही खरे. पण त्या स्वातंत्र्याची घटना उघडून पाहिली पाहिजे.

१८३६ च्या टेक्सासच्या घटनेने गुलामीला संरक्षण दिले. संसदेला गुलाम मुक्त करण्याचा अधिकार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. संसदेच्या परवानगीशिवाय कोणत्याही स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला टेक्सासमध्ये राहता येणार नाही, असेही लिहिले. नागरिक कोण, याची व्याख्या करताना आफ्रिकन, त्यांचे वंशज आणि आदिवासी यांना नाव घेऊन वगळले. पुढे १८४० च्या फेब्रुवारीत असा कायदा झाला की स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी दोन वर्षांत टेक्सास सोडून जावे, नाहीतर त्यांना गुलाम म्हणून विकले जाईल. ज्या वर्षी सांता फेला 'स्वातंत्र्य' द्यायला मोहीम निघाली, त्या वर्षी हा कायदा अंगावर घेऊन टेक्सासमधली माणसे जगत होती.

दुसऱ्या बाजूला मेक्सिको होता. १५ सप्टेंबर १८२९ रोजी राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते गेरेरो यांनी गुलामी रद्द करण्याचा हुकूम काढला. गेरेरो स्वतः आफ्रिकी आणि आदिवासी रक्ताचे होते. टेक्सासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या दबावामुळे टेक्सासला त्या हुकमातून सूट द्यावी लागली, हेही विसरू नका. नंतरच्या काळात टेक्सासमधून पळालेला गुलाम रिओ ग्रान्दे ओलांडला की मोकळा होत असे. म्हणून त्या नदीपर्यंतची हद्द मागणे म्हणजे कोणासाठी स्वातंत्र्याची दारे उघडणे आणि कोणासाठी बंद करणे, हे आपले आपण ठरवावे.

टेक्सासचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष होते मिराबो लामार. मूळचे जॉर्जिया या गुलामधारक राज्यातले. आदिवासींविरुद्ध सर्वनाशाचे युद्ध पुकारावे, असे त्यांनी संसदेपुढे उघडपणे मांडले होते. १८३९ च्या जुलैमध्ये त्यांच्या सैन्याने चेरोकी जमातीला टेक्सासमधून हाकलले, आणि नेचेस नदीजवळच्या लढाईत चेरोकींचे ऐंशी ओलांडलेले वृद्ध नायक डुवाली मारले गेले. १९ मार्च १८४० रोजी सान अंतोनियोत वाटाघाटीसाठी आलेल्या कोमांची नायकांना तिथेच अडवले गेले आणि त्यातले बहुतेक ठार झाले. शेजाऱ्यांशी असे वागणारे सरकार सांता फेच्या लोकांना बंधुभावाची पत्रे लिहीत होते.

मोहीम कशी निघाली आणि कशी फसली

लामार यांची अडचण पैशाची होती. टेक्सासचे कर्ज त्यांच्या काळात फुगत चालले होते आणि टेक्सासच्या कागदी नोटेची किंमत घसरत चालली होती. मिसूरीहून सांता फेला १८२१ पासून मोठा व्यापार चालत असे. तो व्यापार टेक्सासमार्गे वळवावा आणि त्यासोबत मुलूखही ताब्यात घ्यावा, असा हा बेत होता. संसदेने मोहिमेला मंजुरी दिली नाही. लामार यांनी मंजुरीशिवायच खजिन्यातून सुमारे ८९ हजार डॉलर काढायला लावले.

१८४१ च्या जूनमध्ये ऑस्टिन शहराच्या उत्तरेकडून सुमारे ३२० माणसे निघाली. सोबत २१ बैलगाड्या आणि त्यात सुमारे २ लाख डॉलरचा माल. सेनापती ह्यू मॅक्लाउड. पायदळाच्या पाच तुकड्या, एक तोफखान्याची तुकडी. व्यापारी होते, हौशी प्रवासी होते, न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्राचे संपादक जॉर्ज केंडॉल होते. सांता फेच्या लोकांसाठी स्पॅनिशमध्ये छापलेली जाहीरपत्रकेही होती. आमच्यात या, तुम्हाला हक्क मिळतील, असा त्यांचा मजकूर. पत्रकासोबत तोफ आणली की पत्रकाचा अर्थ बदलतो, हे वाचकाला सांगायला नको.

मोहिमेसोबत तीन आयुक्त नेमले होते. त्यातले एक होसे अंतोनियो नावारो. हे सान अंतोनियोचे मेक्सिकन वंशाचे मोठे पुढारी, टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. पाय अधू, जाण्याची इच्छा नाही. तरी त्यांना पाठवले, कारण स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांपुढे दाखवायला स्पॅनिश बोलणारा चेहरा हवा होता. चेहरा आमचा आणि बेत त्यांचा, हा प्रकार आपल्या राखीव मतदारसंघांत आपण किती वेळा पाहिला आहे!

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. नकाशा काढणाऱ्यांना रस्ता ठाऊक नव्हता. विचिता नदीलाच त्यांनी रेड रिव्हर समजले. वाटाड्या पळून गेला. पाणी संपले, अन्न संपले. यानो एस्ताकादो नावाच्या सपाट, निर्जल पठाराच्या काठाशी ही माणसे अडकली. पाली, साप, घोडे, मिळेल ते खाल्ले. कायोवांनी हल्ले करून काही जणांना मारले आणि जनावरे पळवली. टेक्सास म्हणत होता ही जमीन आमची आणि मेक्सिको म्हणत होता आमची, पण प्रत्यक्षात तिथे हुकूम चालत होता कायोवा आणि कोमांचींचा. त्यांना दोन्ही सरकारांनी विचारले नव्हते.

ऑगस्टच्या अखेरीस मोहिमेचे दोन भाग झाले. चांगले घोडे असलेले सुमारे शंभर जण पुढे गेले. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर मान्युएल आर्मिहो तयारच होते. मोहिमेतल्याच एका कॅप्टनने शत्रूशी हातमिळवणी केली आणि १७ सप्टेंबरला पुढची तुकडी आंतोन चिको गावाजवळ शरण आली. ५ ऑक्टोबरला मागे राहिलेली, उपासमारीने खंगलेली तुकडीही शरण आली. एक गोळी न झाडता मोहीम संपली.

कैद्यांना तिथून मेक्सिको सिटीकडे पायी चालवत नेले. हे अंतर २ हजार किलोमीटरहून जास्त आहे. पहिल्या टप्प्यावर दामासो सालाझार नावाचा कॅप्टन होता. ज्यांना चालता येईना त्यांना त्याच्या माणसांनी ठार केले आणि हिशेब दाखवायला त्यांचे कान कापून घेतले, अशी नोंद कैद्यांनी केलेली आहे. ही क्रूरता होती आणि तिला क्रूरताच म्हटले पाहिजे. कैदी कोणाचाही असो, त्याच्या यातनांवर टाळ्या वाजवणे हे बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्याचे काम नाही. त्याच कैद्यांना न्यू मेक्सिकोच्या गरीब बायकांनी भाकरी दिली, एल पासोच्या लोकांनी आणि तिथल्या पाद्रीने अन्न आणि आसरा दिला, हेही केंडॉल यांच्या १८४४ सालच्या पुस्तकात आहे. ज्यांचे गाव घ्यायला ही माणसे निघाली होती, त्याच गावच्या माणसांनी त्यांना जगवले.

बहुतेक कैदी १८४२ मध्ये सुटले. नावारो मात्र सुटले नाहीत. मेक्सिकोच्या नजरेत ते 'आपल्यातला फितूर' होते. ते १८४५ च्या सुरुवातीला निसटून परत आले. ज्या गोऱ्या राष्ट्राध्यक्षाने त्यांना पाठवले, त्याची मुदत डिसेंबर १८४१ मध्येच संपून तो घरी गेला होता.

आणि टेक्सासची संसद काय करत होती? मोहीम फसल्याची बातमी आल्यावर तिने कॅलिफोर्निया, चिवावा आणि सोनोरासकट पॅसिफिक महासागरापर्यंत आपली हद्द वाढवणारे विधेयक मंजूर केले! नवे राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. कागद आणि शाई असेपर्यंत देश वाढवायला खर्च कसला?

सान मिगेलची माणसे कोण होती?

आता आपण त्या गावाकडे वळू, ज्याचे नाव या साहसकथांत फक्त 'जिथे कैदी ठेवले ते ठिकाण' म्हणून येते. सान मिगेल देल वादो. पेकोस नदीच्या काठावरचे, न्यू मेक्सिकोच्या पूर्व शिवेवरचे गाव. मैदानातून येणाऱ्याला पहिले लागणारे.

१७९४ साली स्पॅनिश सरकारने ५२ जणांना मिळून ही जमीन दिली. त्यातले १३ जण आदिवासी वंशाचे होते, ज्यांना तिथे 'हेनीसारो' म्हणत. हेनीसारो कोण? नावाहो, अपाची, युट, कोमांची अशा वेगवेगळ्या जमातींतून पकडून आणलेली किंवा विकत घेतलेली माणसे आणि त्यांची संतती. बहुतेक बायका आणि लहान मुले. त्यांना स्पॅनिश घरांत चाकरीला ठेवले, बाप्तिस्मा दिला, नावे बदलली. भाषा गेली, जमात गेली. चाकरीतून सुटले तरी जमीन नाही, पत नाही. मग सरकारने त्यांना जमीन देऊ केली, पण कुठे? शिवेवर. जिथे कोमांचींचे हल्ले पहिले येतात तिथे. आबिकियू हे गाव १७५४ साली याच धोरणाने वसले.

हे वाचताना आम्हाला बाबासाहेबांचा १९४८ सालचा अस्पृश्य मूळचे कोण होते हा ग्रंथ आठवल्याशिवाय राहत नाही. आपापल्या टोळीपासून तुटलेली, पराभूत माणसे वसलेल्या गावाबाहेर राहू लागली आणि भटक्या टोळ्यांच्या हल्ल्यांपासून गावाची राखण करण्याचे काम त्यांच्याकडे आले, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तुटलेली माणसे, त्यांची वस्ती शिवेवर, आणि त्यांच्या जिवावर आतल्या गावाची झोप. अटलांटिकपलीकडेही सत्तेने माणसांची मांडणी अशीच केलेली दिसते.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. हेनीसारोंच्या गुलामीला धर्मशास्त्राने जन्मोजन्मीचा शिक्का मारलेला नव्हता. दोन-तीन पिढ्यांत ते इतरांत मिसळू शकत होते. आपल्याकडे येसकराचा पोरगा येसकरच राहिला. गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण मानत, कारण शीव त्यालाच पाठ होती. पण त्या शिवेच्या आतली पांढरी आणि काळी दोन्ही दुसऱ्याच्या नावावर होती. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. राखण आमची आणि जमीन त्यांची, हा न्याय त्यांना मान्य नव्हता.

आर्मिहो यांना कोणी नायक करू नये म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १८३७ साली न्यू मेक्सिकोत नव्या करांविरुद्ध आणि वरून लादलेल्या राज्यकारभाराविरुद्ध गरीब शेतकऱ्यांनी आणि पुएब्लो आदिवासींनी उठाव केला. चिमायोचा उठाव म्हणून तो ओळखला जातो. त्यांनी होसे गोन्सालेस नावाच्या आदिवासी वंशाच्या सामान्य माणसाला गव्हर्नर केले. हा उठाव आर्मिहो यांनी मोडला आणि १८३८ च्या जानेवारीत गोन्सालेस यांना ठार करवले. म्हणजे सांता फेच्या गरिबांपुढे निवड काय होती? एकीकडे त्यांचा गव्हर्नर मारणारे आर्मिहो आणि दुसरीकडे गुलामांची घटना घेऊन येणारा टेक्सास. लोक मेक्सिको सरकारवर नाराज आहेत म्हणजे ते आपल्या स्वागताला उभे राहतील, हा लामार यांचा हिशेब इथेच चुकला. नाराज माणूसही आपले डोके गहाण ठेवत नाही.

हारलेल्याला १ कोटी, राहणाऱ्याला काय?

इतिहासाची पुस्तके ही मोहीम 'फसली' म्हणून थांबतात. आमचे म्हणणे असे की खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

१८४५ च्या अखेरीस टेक्सास अमेरिकेत सामील झाला आणि आपला सीमेचा दावा सोबत घेऊन गेला. १८४६ साली अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटले, त्याच्या कारणांत रिओ ग्रान्देची हीच कागदावरची सीमा होती. ऑगस्ट १८४६ मध्ये अमेरिकन सैन्य सांता फेत शिरले. आर्मिहो लढाई न देता पळाले. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोने आपला जवळजवळ अर्धा मुलूख गमावला. त्या तहात तिथल्या रहिवाशांच्या मालमत्तेचा मान राखण्याचे वचन होते.

१८५० साली अमेरिकन संसदेने मोठी तडजोड केली. त्या तडजोडीत टेक्सासने न्यू मेक्सिकोवरचा दावा सोडला आणि त्याबदल्यात त्याला १ कोटी डॉलर मिळाले. ज्या जमिनीवर टेक्सासने एक दिवस राज्य केले नाही, जिथे त्याची मोहीम उपाशी मरत शरण गेली, त्या जमिनीवरचा केवळ कागदी दावा १ कोटी डॉलरला विकला गेला. लामार यांच्या काळात फुगलेले कर्ज त्यातून फेडायचे होते. त्याच तडजोडीत पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या ताब्यात देणारा कडक कायदाही होता. सौदा गोऱ्या राज्यांमध्ये झाला आणि त्याची किंमत काळ्या माणसाने मोजली.

आणि सान मिगेलचे काय झाले? त्या गावाकडे १७९४ चा दाखला होता. गावाची सामायिक जमीन होती, म्हणजे आपल्या भाषेत गायरान. तिथे ते शंभर वर्षे गुरे चारत होते, सरपण आणत होते. दावा सुमारे ३ लाख १५ हजार एकरांचा होता. १८९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सामायिक जमिनीची मालकी स्पॅनिश राजाकडेच होती, म्हणून ती आता अमेरिकन सरकारची. गावकऱ्यांच्या हाती उरली सुमारे ५ हजार एकर. घरे आणि पाटाच्या पाण्यावरची शेते, बस्स.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. तिथे कधी न राहिलेल्याच्या कागदाला १ कोटी डॉलर आणि शंभर वर्षे राहणाऱ्याच्या कागदाला केराची टोपली. मित्रांनो, दावा खरा की खोटा यापेक्षा दावा करणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे यावर निकाल लागतो. आम्ही वस्त्यांवर काम करतो तेव्हा चाळीस-पन्नास वर्षे गायरान कसणाऱ्या आपल्या बायाबापड्यांकडे दंडाच्या पावत्या, पिकाच्या नोंदी, साक्षीदार सगळे असते, आणि तरी त्यांना 'अतिक्रमणदार' म्हणतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच प्रश्नावर.

मग सीमेवर बोलायचेच नाही का?

आता काही मित्र म्हणतील, मग काय आंबेडकरी माणसाने सीमाप्रश्नावर बोलूच नये? बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाला वाऱ्यावर सोडायचे?

नाही. तिथला मराठी माणूस तिथे पिढ्यानपिढ्या राहतो आणि स्वतः मागणी करतो. सांता फेच्या लोकांनी टेक्सासला बोलावले नव्हते. हा फरक मोठा आहे. पण बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना जो इशारा दिला तो विसरून चालणार नाही. भाषेच्या नावाने राज्य झाले की त्या राज्यात संख्येने मोठी जात सत्ता बळकावते आणि छोट्या समाजांचे, अस्पृश्यांचे हाल होतात, हे त्यांनी स्पष्ट मांडले होते. १९४० साली पाकिस्तानवर लिहितानाही त्यांनी भावनेने न बोलता लोकसंख्या, महसूल, सैन्य यांचे आकडे समोर ठेवले. सीमेबद्दल बोलण्याची आंबेडकरी पद्धत ही आहे.

म्हणून कोणीही नकाशा घेऊन आला की आपण त्याला प्रश्न विचारायचे. पहिला, तिथे राहणाऱ्यांना विचारले का, आणि विचारताना त्यांच्यातल्या सर्वांत खालच्या माणसाला विचारले का? सान मिगेलच्या हेनीसारोला ना टेक्सासने विचारले, ना मेक्सिकोने, ना वॉशिंग्टनने. दुसरा, तुमच्या 'आम्ही' मध्ये कोण बसते? टेक्सासच्या 'आम्ही' मधून आफ्रिकन आणि आदिवासी घटनेनेच वगळले होते. ज्या 'आम्ही' मध्ये आपल्याला पाणवठ्यावर, मंदिरात, भाड्याच्या खोलीत जागा नाही, त्या 'आम्ही' ची हद्द वाढली तर आपले काय वाढते? तिसरा, मोहीम फसली तर मरणार कोण आणि यशस्वी झाली तर सातबारा कोणाच्या नावावर? लामार घरी गेले. वाळवंटात मेले ते साधे शिपाई आणि गाडीवान.

टेक्सासच्या फौजेने १८६२ साली पुन्हा एकदा सांता फेवर चाल केली. यावेळी ती उघडपणे गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या झेंड्याखाली होती. शहर काही काळ तिच्या ताब्यात आले, पण ग्लोरिएता खिंडीच्या लढाईत तिचा सामान-दारूगोळा जाळला गेला आणि तिला माघार घ्यावी लागली. तीन वर्षांनी, १९ जून १८६५ रोजी, टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात गुलामांच्या मुक्तीची घोषणा वाचली गेली. टेक्सासच्या मातीवर खरे स्वातंत्र्य आले तो दिवस आमच्या मते हा आहे, १८३६ चा नव्हे. कृष्णवर्णीय बांधव तो दिवस आजही साजरा करतात. आणि न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने २००७ साली हेनीसारोंच्या वंशजांना मूळनिवासी लोक म्हणून मान्यता दिली. जमीन परत मिळाली नाही, पण पुसलेले नाव तरी परत लिहिले गेले. ते त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी आपला इतिहास धरून ठेवला म्हणून.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे. देशाचा, राज्याचा, इतिहासातल्या साम्राज्याचा नकाशा मोबाईलवर आला की तो पुढे पाठवण्याआधी एकदा आपल्या गावाचा नकाशा तलाठ्याकडून मागा. गायरान किती होते, आज किती उरले, कोणाच्या ताब्यात आहे, आपल्या वाड्यातल्या किती जणांचे नाव कुठे लागले आहे, हे काढा. पुढच्या अभ्यासवर्गात तो कागद मधोमध ठेवून बसा. आपल्या शिवेचा हिशेब आपल्याला झाला की दुसऱ्याच्या मोहिमेत फुकटचा शिपाई व्हायची वेळ आपल्या पोरांवर येणार नाही.

जय भीम! जय जोती!